वेबहुकची सही कधी जुळते, कधी नाही: आलेल्या कच्च्या डेटाचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच कळेल. वाचनालयाच्या सभासदांची वार्षिक वर्गणी घेणारी साइट तुम्ही साध्या पीएचपीत लिहिली आहे. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) तुमच्या सर्व्हरवर वेबहुक, म्हणजे आपोआप येणारा निरोप, पाठवतो. पोस्ट अ‍ॅरे (फॉर्ममधून आलेला डेटा पीएचपी जिथे ठेवतं ती यादी) रिकामा दिसला म्हणून तुम्ही इनपुट स्ट्रीममधून, म्हणजे आलेल्या कच्च्या मजकुरातून, थेट वाचलात, जेसन (डेटा मजकुरात लिहायची एक पद्धत) डिकोड केलंत, त्यावर स्वतःचं 'क्लीन' फंक्शन फिरवलंत आणि परत एन्कोड करून सही, म्हणजे निरोप गेटवेचाच असल्याची त्यासोबत येणारी खूण, तपासलीत. चाचणीत सगळं जुळलं. साइट सुरू झाल्यावर मात्र काही सभासदांची सही जुळते, काहींची नाही, आणि ज्यांची जुळत नाही त्यांची वर्गणी पैसे भरूनही 'बाकी' दिसते. तुमचे प्रश्न दोन: सही तपासणं तात्पुरतं बंद करू का? आणि येणारा सगळा डेटा आत येतानाच स्वच्छ करायची योग्य पद्धत कोणती?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. बंद करू नका, एका रात्रीसाठीही नाही. वेबहुकचा पत्ता इंटरनेटवर उघडा असतो. तो ज्याला कळेल तो 'अमुक सभासदाचे पैसे आले' असा मजकूर पाठवू शकतो, आणि तो खरंच गेटवेकडून आला हे सांगणारी एकच गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे सही.

दुसऱ्या प्रश्नात मात्र मला गृहीतकच बदलावंसं वाटतं. आत येणारा डेटा स्वच्छ करायची एकच अशी पद्धत नाही, आणि ती शोधायच्या नादातच तुमची सही मोडली आहे. गेली बरीच वर्षं मी हेच काम करतोय आणि माझी रीत अशी ठरली आहे: जे आलं ते जसंच्या तसं, बाइट न हलवता हातात घ्यायचं. तपासायचं असेल ते त्याच्यावरच तपासायचं. मग त्याचा अर्थ एकदाच लावायचा. आणि तो मजकूर ज्या ठिकाणी जाणार असेल, त्या ठिकाणाला साजेसा वेष त्याला बाहेर पडताना चढवायचा. तुमच्या कोडमध्ये हा क्रम उलटा झाला आहे.

आधी पोस्ट अ‍ॅरे रिकामा का होता ते पाहू. पीएचपी तो अ‍ॅरे दोनच प्रकारच्या मजकुरासाठी भरतं. एक म्हणजे ब्राउझरच्या साध्या फॉर्मचा, 'क=१&ख=२' छापाचा; दुसरा फाइल अपलोडसाठीचा मल्टिपार्ट. कोणता प्रकार आहे हे कन्टेन्ट-टाइप हेडर सांगतो. तिथे जेसन लिहिलेलं असेल तर पीएचपी त्या मजकुराला हात लावत नाही. म्हणजे तुमचा डेटा हरवला नव्हता, फक्त त्याचा अर्थ कोणी लावलेला नव्हता. तुम्ही इनपुट स्ट्रीमकडे गेलात ते बरोबरच केलंत. एक अपवाद ध्यानात असू द्या: मल्टिपार्ट फॉर्मच्या वेळी नेहमीच्या सेटिंगमध्ये ही स्ट्रीम रिकामी मिळते, कारण पीएचपीने तो मजकूर आधीच वाचून वाटून टाकलेला असतो.

आता सहीकडे येऊ. गेटवे पाठवण्यापूर्वी पूर्ण बॉडी (निरोपाचा सगळा मजकूर) घेतो, तुमच्या दोघांतली गुप्त किल्ली घेतो, एचमॅक शा-२५६ या पद्धतीने हॅश (मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण) काढतो आणि तो हेडरमध्ये ठेवतो. हा हॅश बाइट्सवर काढलेला असतो, अर्थावर नाही. एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी हॅश संपूर्ण बदलतो. तुम्ही मजकूर डिकोड करून परत एन्कोड केलात तेव्हा अर्थ तोच राहिला, बाइट्स बदलले. मूळ कागदावर अंगठ्याचा ठसा आहे आणि तुम्ही तो कागद स्वतःच्या अक्षरात उतरवून नकलेवर ठसा शोधताय, असं हे झालं आहे.

मग काहींची सही जुळली कशी? इथेच तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. फॉर्ममध्ये सभासदाने टाइप केलेलं नाव तुम्ही गेटवेकडे टिपणीच्या खान्यात पाठवता आणि तेच वेबहुकमध्ये परत येतं. चाचणीत तुम्ही इंग्रजी लिपीतली नावं वापरलीत. सभासदांपैकी बऱ्याच जणांनी देवनागरीत लिहिली असणार. माझी जवळजवळ खात्री आहे की न जुळणाऱ्या बहुतेक नोंदी देवनागरी नावांच्या निघतील. यादी काढून बघा.

कारण असं. 'रजनी' हे नाव घ्या. युनिकोडच्या हिशेबात त्यात चार खुणा आहेत: र, ज, न आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणून हे नाव १२ बाइटचं. गेटवेने जेसनमध्ये ते जसंच्या तसं ठेवलं असेल तर तुमच्याकडे तेच १२ बाइट येतात. पण पीएचपीचं जेसन-एन्कोड नेहमीच्या सेटिंगमध्ये इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर सांकेतिक रूपात लिहितं: उलटी तिरकी रेघ, यू, आणि मग चार आकडी क्रमांक. 'र'चा क्रमांक ०९३०. म्हणजे एका खुणेला सहा बाइट, पूर्ण नावाला २४. वाचणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही 'रजनी'च दिसतात. हॅशला मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी लिपीतल्या नावाला हा बदल लागूच होत नाही, म्हणून ते जुळतं.

आता तुम्ही म्हणाल, युनिकोड न बदलण्याचा पर्याय एन्कोडला देता येतो, तो देतो. देता येतो, आणि सही काही दिवस जुळेलही. मग एखाद्या सभासदाच्या पत्त्यात '१२/४' येईल आणि पीएचपी तिरक्या रेघेआधी एक उलटी रेघ घालेल. तेही बंद केलंत की कधी रक्कम '५००.००' अशी येईल आणि परत लिहिताना '५००' होईल. कधी रिकामा ऑब्जेक्ट येईल. तुम्ही तो अ‍ॅरे म्हणून उघडलात तर परत लिहिताना महिरपी कंसांचे चौकोनी कंस होतील. या वाटेला शेवट नाही, कारण दुसऱ्याने जेसन कसं लिहिलं ते तुम्ही ओळखून तसंच लिहायचा प्रयत्न करताय. खरं तर तुमची चाचणी जुळली हाच योगायोग होता.

करायचं ते एवढंच. फाइलच्या सुरुवातीला इनपुट स्ट्रीम एकदा वाचा आणि एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. त्याला ट्रिमसुद्धा लावू नका; शेवटचा एखादा न्यूलाइनही हॅशमध्ये धरलेला असू शकतो. त्याच व्हेरिएबलवर एचमॅक काढा. हेडरमधल्या सहीशी तुलना दोन बरोबर-चिन्हांनी न करता हॅश-इक्वल्स या फंक्शनने करा. ते पीएचपी ५.६ पासून आहे. कितवा बाइट चुकला हे लागलेल्या वेळावरून ताडता येऊ नये, यासाठी ते बनवलेलं आहे. सही जुळली नाही तर ४०० चं उत्तर देऊन तिथेच थांबा. जुळली तरच जेसन डिकोड करा, आणि तेही चूक झाल्यास एक्सेप्शन फेकणारा पर्याय देऊन, म्हणजे मोडका मजकूर गुपचूप 'नल' होऊन पुढे सरकणार नाही.

सहीचे तपशील गेटवेप्रमाणे बदलतात, तेव्हा त्यांचं डॉक्युमेंटेशन समोर ठेवूनच हे लिहा. रेझरपेची सही निव्वळ कच्च्या बॉडीवर असते. स्ट्राइप बॉडीच्या आधी वेळेचा शिक्का आणि एक टिंब जोडून त्यावर हॅश काढतं, म्हणजे जुना मजकूर कोणी पुन्हा पाठवला तर तो ओळखता येतो. गिटहबच्या वेबहुकमध्ये सहीच्या आधी 'शा२५६=' असा उपसर्ग असतो; तो न काढता तुलना केली तर काहीच जुळत नाही. पण कच्ची बॉडी हवी ही अट तिघांनाही सारखीच.

तुम्ही साधी पीएचपी वापरताय म्हणून हे सोपं आहे. फ्रेमवर्क असेल तर तुमच्या कोडपर्यंत पोचायच्या आधीच कोणीतरी बॉडी वाचून टाकलेली असते. नोडच्या एक्स्प्रेसमध्ये जेसनचं मिडलवेअर (तुमच्या कोडच्या आधी चालणारा टप्पा) सगळ्या रूट्सना, म्हणजे साइटवरच्या पत्त्यांना, लावलेलं असलं की तुमच्या हाती तयार ऑब्जेक्ट येतो, बाइट्स गेलेले असतात. वेबहुकच्या रूटला वेगळं, कच्ची बॉडी देणारं मिडलवेअर लावा, आणि ते जेसनवाल्याच्या आधी लावा. पायथनच्या फ्लास्कमध्ये फॉर्मला हात लावण्याआधी गेट-डेटा बोलवा. जावाच्या सर्व्हलेटमध्ये इनपुट स्ट्रीम एकदाच वाचता येते. फिल्टरने वाचली की पुढच्याला काही उरत नाही. सहकारी कोणत्याही भाषेत काम करत असो, मी पहिला प्रश्न हाच विचारतो: या बॉडीला तुझ्याआधी कोणी हात लावलाय?

आता तुमच्या 'क्लीन' फंक्शनबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्यात ट्रिम, टॅग काढणं आणि एचटीएमएलची विशेष अक्षरं बदलणं अशा तीन पायऱ्या आहेत. हेतू चांगला आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी असं फंक्शन कधी ना कधी लिहिलेलं आहे. खुद्द पीएचपीनेही लिहिलं होतं. मॅजिक कोट्स नावाची सोय फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप उलटी रेघ घालायची. एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसला घातक आज्ञा घुसवणं) थांबावं म्हणून केलेली ती सोय इतकी त्रासदायक ठरली की २०१२ साली आलेल्या ५.४ आवृत्तीत ती काढूनच टाकली. त्या काळातला एक डेटाबेस मी गोव्यातल्या एका संस्थेसाठी नव्या साइटवर हलवला होता. तिकडे डिसूझा, डिमेलो, डिकॉस्टा ही आडनावं रोमन लिपीत 'डी'नंतर अपोस्ट्रफी देऊन लिहितात. दर वेळी कोणी नोंद उघडून सेव्ह केली की अपोस्ट्रफीआधीच्या उलट्या रेघा वाढत गेल्या होत्या. काही नावांत सात-सात रेघा होत्या. ही माणसं वर्षानुवर्षं स्वतःचं आडनाव असं छापलेलं बघत होती. ती नावं हाताने दुरुस्त करताना मला मनापासून वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी कोणाच्याही नावाला आत येताना हात लावत नाही.

टॅग काढणं याहून धोक्याचं आहे, कारण ते मजकूर बिघडवत नाही, खाऊन टाकतं. एका दवाखान्याच्या फॉर्ममध्ये डॉक्टरांनी टिपणी लिहिली: 'उपाशीपोटी साखर <१४०, गोळी तीच ठेवावी, महिन्याने परत तपासणी.' पीएचपीच्या स्ट्रिप-टॅग्ज फंक्शनला '<' नंतर लगेच स्पेस नसेल तर तिथे टॅग सुरू झाला असं वाटतं, आणि तो बंद झालेला न सापडल्यास पुढचं सगळं जातं. डेटाबेसमध्ये उरलं 'उपाशीपोटी साखर'. चूक दिसत नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि मूळ मजकूर कुठेच ठेवलेला नाही.

तिसरी पायरी, एचटीएमएलची अक्षरं बदलून साठवणं. ब्राउझरमध्ये हे ठीक दिसतं, म्हणून महिनोन्महिने लक्षात येत नाही. मग तीच नोंद एसएमएसमध्ये, पीडीएफ पावतीत किंवा एक्सेलमध्ये जाते आणि 'पाटील & सन्स' मधल्या त्या एका चिन्हाच्या जागी '&एएमपी;' छापून येतं. शिवाय या फंक्शनची मूळ वागणूक आवृत्तीगणिक बदललेली आहे. ८.१ पासून ते एकेरी अवतरणचिन्हही बदलतं, त्याआधी फक्त दुहेरी बदलायचं. होस्टिंगवाल्याने पीएचपी वर नेली की जुन्या आणि नव्या नोंदी एकमेकींशी जुळेनाशा होतात.

म्हणून बाहेर पडतानाच्या वेषाबद्दल मी आग्रही आहे. डेटाबेसकडे जाताना प्रिपेर्ड स्टेटमेंट, म्हणजे आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवणं. एचटीएमएल पानावर जाताना एचटीएमएल एस्केप, म्हणजे विशेष अक्षरांना सांकेतिक रूप देणं. एसएमएसला यातलं काही नाही. एकच मजकूर तीन ठिकाणी तीन वेषांत जातो, तेव्हा आत येताना एकच वेष चढवून ठेवणं कसं पुरेल?

दारात काहीच करायचं नाही असं मात्र मी म्हणत नाही. दारात तपासायचं, बदलायचं नाही. रक्कम पूर्णांक आहे का, पैशांत आहे की रुपयांत, सभासद क्रमांक आपल्या यादीत आहे का, नाव फार लांब तर नाही. पटलं नाही तर कारण सांगून परत पाठवायचं. पण मराठी नावं तपासताना नियम डोळे उघडे ठेवून लिहा. 'नावात फक्त अक्षरं' हा नियम रेग्युलर एक्स्प्रेशनच्या 'अक्षर' गटावर लिहिलात तर 'रजनी' नापास होते. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नाहीत, ती 'चिन्ह' या वेगळ्या गटात आहेत. तो गटही परवानगीत हवा. लांबी साध्या स्ट्रलेनने मोजली तर 'रजनी' १२ भरते, कारण ते बाइट मोजतं. आणि अदृश्य खुणा सरसकट काढून टाकणारं फंक्शन तर कधीच वापरू नका. 'कुऱ्हाडे' हे आडनाव काही कीबोर्डांवर नुक्ता दिलेल्या र ने टाइप होतं, तर काहींवर साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडखूण अशा क्रमाने. ती खूण पुसलीत तर र चा रफार होऊन 'कुर्हाडे' होतं. शोधताना ही दोन्ही रूपं एकत्र सापडावीत म्हणून तुलनेसाठी वेगळा कॉलम ठेवा हवं तर. सभासदाने दिलेलं नाव त्याचंच राहू द्या.

अर्थ लावणं हा निर्णय असतो हे पटावं म्हणून एक छोटी गोष्ट सांगतो. फॉर्मच्या मजकुरात एकच नाव दोनदा आलं, 'रक्कम=१००&रक्कम=५००', तर पीएचपी शेवटची किंमत धरतं, जावाचं गेट-पॅरामीटर पहिली देतं आणि एक्स्प्रेस दोन्हींची यादी हाती देतं. तिघेही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. पुढच्या सर्व्हरने १०० तपासले आणि मागच्याने ५०० वापरले, तर भगदाड तिथेच पडतं. तसंच अधिक-चिन्हाचं: फॉर्मच्या मजकुरात त्याचा अर्थ स्पेस असा होतो. मोबाइल अ‍ॅपने '+९१' नीट एन्कोड न करता पाठवलं की तुमच्याकडे ९१ च्या आधी रिकामी जागा येते, आणि ट्रिमने ती खूणही जाते.

तुम्ही पुढे सभासदांची मोठी यादी एकाच फॉर्ममधून भरायचं म्हणताय, म्हणून पीएचपीच्या दोन मर्यादांबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. पूर्ण बॉडी ठरलेल्या कमाल आकारापेक्षा मोठी असली, आणि मूळ सेटिंगमध्ये तो ८ एमबी आहे, तर पोस्ट अ‍ॅरे आणि फाइल अ‍ॅरे दोन्ही रिकामे मिळतात. दुसरी मर्यादा खान्यांच्या संख्येची, मूळ सेटिंग १०००. एका शाळेच्या गुणनोंदीच्या पानावर ६० मुलं आणि प्रत्येकी २० खाने होते, म्हणजे १२००. हजाराच्या पुढचे खाने पीएचपीने टाकून दिले, इशारा लॉगमध्ये गेला आणि तो लॉग कोणी बघत नव्हतं. शेवटच्या दहा मुलांचे गुण दर वेळी गायब व्हायचे आणि बिचाऱ्या वर्गशिक्षिका ते पुन्हा पुन्हा भरत होत्या. ही मर्यादा चुकून आलेली नाही. एकाच हॅश टेबलच्या कप्प्यात जाणारी हजारो नावं पाठवून सर्व्हर बंद पाडायचा हल्ला २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला आणि पाठोपाठ ५.३.९ मध्ये ती आली. तेव्हा आकडा बेफाम वाढवू नका. शेवटी एक लपवलेला खाना ठेवा आणि तो पोचला नसेल तर काहीच सेव्ह करू नका.

राहिल्या तुमच्या अडकलेल्या वर्गण्या. आलेला कच्चा मजकूर, हेडरमधली सही आणि वेळ यांचं एक टेबल बनवा. मजकुराचा कॉलम ब्लॉब (बाइट जसेच्या तसे ठेवणारा) ठेवा, टेक्स्ट नको. टेक्स्टमध्ये कॅरेक्टर सेट मध्ये पडतो, आणि मायएसक्यूएलच्या जुन्या तीन-बाइटी यूटीएफ-८ मध्ये एखाद्या सभासदाने नावापुढे टाकलेली चार बाइटची इमोजी मावत नाही. इव्हेंटच्या आयडीवर युनिक की लावा, कारण तोच वेबहुक दोनदा येऊ शकतो आणि वर्गणी एकदाच जमा व्हायला हवी. या टेबलात लोकांची नावं आणि फोन असतील, तेव्हा किती दिवसांनी पुसायचं तेही आजच ठरवा. मी ९० दिवस ठेवतो, तुमच्या हिशेबनिसांना विचारून तुम्ही ठरवा.

मागच्या न जुळलेल्या वेबहुकचा कच्चा मजकूर तुम्ही साठवलेला नाही असं दिसतं, त्यामुळे त्यांची सही आता तपासता येणार नाही. त्या नोंदी हाताने 'भरली' करू नका. गेटवेच्या डॅशबोर्डवरून किंवा एपीआयने त्या तारखांची यशस्वी पेमेंट्स काढा, पेमेंट आयडी आणि रक्कम दोन्ही ताडून पाहा, आणि मगच पावती द्या. कोड बदलून झाल्यावर एका रुपयाचं खरं पेमेंट 'कुऱ्हाडे & सन्स, १२/४' या नावाने करून पाहा. तरीही सही जुळली नाही तर मला तीन गोष्टी कळवा: कन्टेन्ट-टाइप हेडर, वाचलेल्या मजकुराची बाइटमधली लांबी, आणि कन्टेन्ट-लेंग्थ हेडरमधला आकडा. गुप्त किल्ली आणि सभासदाचा मजकूर मात्र पाठवू नका. लांबी आणि हेडरचा आकडा यांत फरक असेल, तर तुमच्याआधी कोणीतरी त्या बॉडीला हात लावतंय आणि आपल्याला तिथून शोध सुरू करावा लागेल.